हंबरचा मूळचा काळा रंग आणि पत्र्यावरचं 'द. सातारा'

जुनी सायकल घरात आली की येणारा जाणारा पहिलं हेच विचारतो, "कलर कधी मारणार?" आणि उत्तराची वाट न बघता पुढं सांगतो पण, की कुपवाड एमआयडीसीत पावडर कोटिंगवाले आहेत, दोन दिवसात चकाचक करून देतात. देतात, खरंय. पण मी सगळ्यांना सांगतो की बाबांनो जरा थांबा, सायकल कुठली, साधारण कुठल्या सालची, तिचं मूळचं काय आणि नंतर बसवलेलं काय हे कळायच्या आधी तिला पॉलिश पेपर लावायचा नाही, आणि सँडब्लास्टिंग तर नाहीच नाही. कारण यातलं निम्मं त्या रंगाच्या खालीच असतं आणि एकदा ब्लास्टिंग झालं की ते परत कुठूनही मिळत नाही. पार्ट शोधून मिळतात हो, लुधियानातनं मिळतील, भंगारात मिळतील, पण कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग दुसऱ्यांदा मिळत नाही.

माझ्याकडं आली ती हंबर. बायकोच्या मामांच्या घरातली, सांगलीतल्या गावभागातली. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं (धोक्याची पातळी 45 फूट आहे, म्हणजे अंदाज करा), तेव्हा ही जिन्याखाली उभी होती आणि कितीतरी दिवस पाण्यात होती. पूर ओसरल्यावर घरातलं सगळं धुऊन काढण्यात कुणाला सायकल सुचणार, ती तशीच चिखलासकट वाळली आणि मग गच्चीच्या खोलीत गेली. मामी म्हणाल्या, "न्या बाई एकदाची, पण भंगारात घालू नका, ह्यांच्या वडलांची आहे." एवढी एकच अट.

बघताक्षणी दिसत होता तो हिरवा ऑईल पेंट. त्याच्या खाली निळा. आपल्याकडं दसऱ्याच्या आधी घरातली सायकल ब्रशनं रंगवायची, खंडेनवमीला तिला हार घालायचा, हे बऱ्याच घरात चालायचं, त्यामुळं असे थर सापडणं नवीन नाही. हेड बॅजवर (हँडलच्या खाली समोर असतो तो कंपनीचा बिल्ला) पण रंग होता, आणि त्याच्या खोबणीत वर्षानुवर्षाचं कुंकू घट्ट बसलेलं.

आता हंबर म्हणजे काय ते थोडं सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर आहे. थॉमस हंबर नावाच्या माणसाची ही इंग्लंडमधली कंपनी, नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनची, आणि 1932 मध्ये तिचा सायकलचा धंदा नॉटिंगहॅमच्याच रॅले या सायकल कंपनीनं घेतला. म्हणजे त्यानंतरची इंग्लिश हंबर ही रॅलेच्या नॉटिंगहॅमच्याच कारखान्यातली. हंबरच्या दोन खुणा लांबनं ओळखू येतात. एक तिचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, बाकी सायकलींना दोन्ही बाजूला एकेक जाड पाइप असतो तिथं हिला दोन दोन बारीक पाइप जोडीनं वर गेलेले असतात. आणि दुसरी खूण चेनव्हील, म्हणजे पायडलजवळचं दात्यांचं चाक, त्यात कापून काढलेली पाच माणसं एकमेकांना धरून गोल फिरताना दिसतात. मी हे चेनव्हील पहिल्यांदा स्वच्छ पुसलं तेव्हा शेजारचा छोटा मुलगा पायडल हातानं फिरवत किती वेळ बसला होता, माणसं पळतायत म्हणून.

पण या दोन खुणा दिसल्या म्हणून सायकल नॉटिंगहॅमची असं लगेच म्हणता येत नाही. एक तर चेनव्हील कॉटर (पायडलचा दांडा धरून ठेवणारी पिन) काढलं की बदलता येतं, चिमटापण बदलता येतो, आणि दुसरं म्हणजे आपल्याकडं रॅलेच्याच सायकली बनवणारी सेन-रॅले ही कंपनी होती. पन्नाशीच्या दशकात बंगालमधल्या असनसोलला त्यांचा कारखाना सुरू झाला आणि तिथं रॅलेबरोबर हंबर आणि रज या ब्रँडच्या सायकली पण बनायच्या. (तोच कारखाना पुढं 1980 मध्ये सरकारनं राष्ट्रीयीकरण करून सायकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया केला.) असनसोलची सायकल कमी दर्जाची असं मी अजिबात म्हणत नाही, आपल्या लोकांनी बनवलेली आहे आणि जुन्या सेन-रॅले आजही कुरकुर न करता पळतात. पण कुठली आहे ते कळलं पाहिजे, नाहीतर तिच्यावर स्टिकर कुठला लावायचा, रेघा कशा मारायच्या, कुठला पार्ट शोधायचा हे ठरणार कसं.

पहिला पुरावा आट्यांचा. रॅलेच्या कारखान्याची एक खोड होती, बाकी बहुतेक इंग्लिश सायकलींच्या बीबी कपला (पायडलचा एक्सल फिरतो तिथं फ्रेममध्ये बसणारी वाटी) इंचाला 24 आटे असतात तिथं रॅले 26 आटे घालायची. म्हणून दुकानातला साधा कप तिच्यात दोन फेरे जातो आणि अडकतो, आणि कुणी जोर लावला तर फ्रेमचे आटे कायमचे खराब. आमच्या ओळखीच्या लेथवाल्याकडं आटे मोजायचा गेज होता, त्यानं कप हातात घेऊन पट्टी लावली आणि म्हणाला, "सव्वीस हायती की. आता हा कप टाकू नका, नवा करून द्यायला लई वेळ जाईल." म्हणजे फ्रेम रॅलेच्या घराण्यातली हे नक्की. पण आटे घराणं सांगतात, गाव सांगत नाहीत.

गाव रंगाखाली होतं.

रंगाचं काम कसं केलं ते सविस्तर लिहितो कारण हेच सगळे विचारतात. जुना कारखान्यातला काळा रंग म्हणजे स्टोव्ह इनॅमल, भट्टीत भाजून कडक केलेला. आणि वरचे हिरवे-निळे थर म्हणजे ब्रशनं मारलेला, हवेत वाळलेला ऑईल पेंट. दोघांत फरक असा की थिनरचा बोळा लावला की ऑईल पेंट मऊ पडतो, सुरकुततो, आणि भाजलेला काळा सहसा तसाच राहतो. शिवाय खालचा रंग गुळगुळीत असल्यामुळं वरच्याची पकडच नीट बसलेली नसते, काही ठिकाणी तर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं खपल्या निघतात. पण हे सगळीकडं लागू नाही, कारण कारखान्याची नावं आणि चित्रं जिथं आहेत ती ट्रान्सफर असतात, काळ्या रंगाच्या वर लावून त्यावर वार्निश मारलेलं, आणि थिनर तिथं लागला की अक्षरं बोळ्याला येतात. म्हणून आधी जिथं काही लिहिलेलं असणं शक्यच नाही तिथं करून बघायचं, बीबीच्या खाली, सीटपोस्टच्या क्लॅम्पखाली, मडगार्डच्या आतल्या बाजूला. क्लॅम्पखालची जागा तर सोन्यासारखी, ऊन नाही पाऊस नाही, मूळ रंग जसाच्या तसा. हेड बॅज काढला तर त्याच्याखाली पण असाच मिळतो, पण बॅजचे रिव्हेट तोडावे लागतात म्हणून मी तो काढला नाही, गरजच पडली नाही.

जिथं अक्षरं असण्याची शक्यता होती तिथं मात्र मी थिनर बाजूला ठेवला. मिरजेला सतारी बनवणाऱ्यांची घरं आहेत हे सगळ्यांना माहितीय, त्यातल्या एका कारागिराला मी विचारलं होतं की तुमच्याकडं जुनी सतार दुरुस्तीला आली की पॉलिश न घालवता मळ कसा काढता. ते म्हणाले, "आधी कोरडा ब्रश. मग ओला कापूस. त्यानं झालं तर पुढं जायचंच नाही. आणि एकावेळी रुपयाच्या नाण्याएवढीच जागा घ्यायची, मन भरलं तरी हात थांबवायचा." मी सायकलला हेच केलं. सीटखालच्या उभ्या पाइपवर नखानं आणि ओल्या कापसानं एकेक खपली काढत गेलो, संध्याकाळी ऑफिसवरनं आल्यावर तेवढंच, आणि हळूहळू काळ्यावर पिवळसर सोनेरी अक्षरं दिसायला लागली. पूर्ण ओळ नाही मिळाली. पण नॉटिंगहॅममधली शेवटची पाच सहा अक्षरं आणि त्याच्या खाली इंग्लंड हे स्पष्ट वाचता आलं. मी मामींना फोन करून सांगितलं तर त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे विकायची आहे का?" नाही हो मामी, विकायची नाही.

साल कसं कळलं ते तर मला सगळ्यात आवडतं. मागच्या मडगार्डवर रंगाखाली बोटाला काहीतरी उंच लागत होतं, छोटा पत्रा. निळा हिरवा निघाल्यावर पितळेचा तुकडा दिसला, विकणाऱ्या दुकानदाराची पट्टी. दुकानाचं नाव घासून गेलेलं, पण खाली 'सांगली, जि. द. सातारा' हे राहिलेलं. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपला जिल्हा 1949 मध्ये सातारा जिल्ह्यापासून वेगळा झाला तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा होतं आणि 1960 मध्ये ते सांगली झालं. त्याच्या आधी सांगली म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, ते 1948 मध्ये विलीन झालं. म्हणजे ही पट्टी बनली ती 1949 ते 1960 च्या मधल्या अकरा वर्षांतच. आमच्या भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत येऊन गेलेली गोष्ट इथं मडगार्डवर बसून सायकलचं वय सांगत होती.

सायकल विकायचा धंदा आपल्या भागाला नवा नव्हता हेपण इथं सांगितलं पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात 1888 मध्ये बेळगावातल्या सायकलच्या दुकानानं झाली, आणि मग 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, नांगर वगैरे सगळं त्या दुकानाच्या मागनं. आपल्याकडच्या एवढ्या मोठ्या कारखानदारीच्या मुळाशी सायकल आहे हे मला कायम भारी वाटतं.

पट्टी मडगार्डचं साल सांगते, सायकलचं नाही, असं कुणी म्हणेल आणि ते बरोबर आहे. म्हणून दुसरा साक्षीदार बघितला, मागचा हब, म्हणजे आरे जिथं जुळतात तो चाकाचा मधला भाग. ग्रीस, चिखल आणि गंज खरवडल्यावर त्यावर स्टर्मी-आर्चर या हब बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीचं नाव, एडब्ल्यू ही मॉडेलची अक्षरं, आणि 54 आणि 7 असे आकडे निघाले. स्टर्मी-आर्चरवाले हबच्या टरफलावर बनवल्याचं साल आणि महिना ठोकायचे, म्हणजे जुलै 1954. सीटच्या मागच्या चामड्याच्या हत्यारांच्या पिशवीत नगरपालिकेचा बिल्ला पण सापडला, 1961-62 चा. (लहान वाचकांसाठी, सायकलला दरवर्षी कर भरून बिल्ला लावायला लागायचा, बिल्ला नसला की नाक्यावर अडवायचे.) हब 54 चा, पट्टी 49 ते 60 मधली, बिल्ला 61 चा, रंगावर नॉटिंगहॅम. प्रत्येक पार्ट एकटा असता तर मी विश्वास ठेवला नसता, चाकं तर सारखी बदलतात, पण चौघं वेगवेगळ्या जागेवरनं एकच गोष्ट सांगतायत तेव्हा 1954-55 ची इंग्लिश हंबर म्हणायला मला काही अडचण वाटत नाही. फ्रेमवर नंबर पण आहे, पण रॅलेच्या नंबरांच्या याद्यांवर फार भरवसा ठेवू नये या मताचा मी आहे.

आता त्या हबबद्दल. मामांच्या घरात सगळे म्हणायचे की ही सायकल जड चालते, आजोबांनाच जमायची, पोरांनी हात लावला नाही. हब उघडल्यावर कारण कळलं. हा तीन गिअरचा हब आहे, सगळे गिअर आत. मधल्या स्थिर चाकाला 20 दात, बाहेरच्या रिंगला 60, दोघांच्या मधे फिरणारी चार छोटी चाकं 20-20 दातांची. मधल्या गिअरला चेन जेवढी फिरवेल तेवढंच चाक फिरतं, वरच्या गिअरला 80 भागिले 60 म्हणजे एकाला 1.33, आणि खालच्याला त्याच्या उलट म्हणजे 0.75. गिअर बदलतो तो एक्सलमधनं बाहेर येणाऱ्या बारीक साखळीनं, ती वायरनं ओढली की खालचा गिअर. आणि वायर तुटली, ढिली पडली की हा हब आपोआप सगळ्यात वरच्या, सगळ्यात जड गिअरला जाऊन बसतो. या सायकलची वायर कधीतरी तुटली, हँडलवरचा ट्रिगर गेला, गावात कुणाला तो हब उघडायचा माहीत नव्हता, आणि आजोबा पुढं आयुष्यभर जड गिअरला सांगली-मिरज करत राहिले. सायकलचा काही दोष नव्हता.

हबमध्ये पुराचा गाळ होता, अगदी मऊ, पिठासारखा. रॉकेलमध्ये धुतला, आतल्या कुत्र्यांच्या, म्हणजे चाक एकाच दिशेला पकडणाऱ्या खटक्यांच्या, केसासारख्या बारीक स्प्रिंगा गंजून गेल्या होत्या तेवढ्या नव्या मिळवल्या, बाकी दात बघाल तर झीज नावाला नाही. यात ग्रीस भरायचं नाही, ऑईलच पाहिजे, हबवर त्यासाठी छोटं झाकण दिलेलं असतं, आणि शिलाई मशीनचं तेल फार पातळ पडतं.

बाकी पार्टांचा हिशोब असा. पुढची रिम मूळची इंग्लिश, मागची नंतर बदललेली देशी. आरे पुढं 32 मागं 40, हीच इंग्लिश पद्धत आणि आपल्या देशी सायकलींना पण तीच आली म्हणून बदललेली रिम जुन्या हबवर बसू शकली. टायर 28 दीड, आपल्याकडं साध्या काळ्या सायकलीला लागतो तोच, गणपती पेठेत कुठल्याही दुकानात मिळतो, तेवढं एक सोपं. रॉड ब्रेकच्या सळ्या मूळच्या, रबर नवे. पायडल देशी. कॅरिअर देशी, जाड, बहुतेक साठ-सत्तरच्या काळातला, त्यावर पोती वाहून नेलेल्याच्या खुणा आहेत. तो मी ठेवलाय. मूळचा नाही म्हणून फेकावा असं मला वाटत नाही, त्या सायकलचं निम्मं आयुष्य त्या कॅरिअरवर गेलंय. मागची रिम सुद्धा ठेवली. सीट मात्र गेलेली, रेक्झिनची फाटकी होती, तिच्या जागी जुनी चामड्याची बघतोय. आणि चामड्याच्या सीटबद्दल एक, कोल्हापुरी चपलेला घालतो तसं तेल सीटला पाजू नका, सीटचं चामडं ताणलेलं असतं, तेलानं ते सैल पडतं आणि झोळी होते.

गंजासाठी छोटे पार्ट ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये ठेवले, लाकूड पॉलिशवाले वापरतात तेच, लिटरला साधारण 30 ग्रॅम. हे विष आहे, हातमोजे घाला, पावडर नाकात जाऊ देऊ नका, पोरंबाळं लांब. जास्त वेळ ठेवलं की पिवळा थर बसतो म्हणून अधूनमधून काढून बघायचं, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, लगेच पुसून तेल. सीटपोस्ट निघतच नव्हता, त्याला गिअरचं एटीएफ ऑईल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळून रोज सोडत राहिलो आणि एका दिवशी तो हलला. तो निघाल्यावर फ्रेम उलटी केली तर पाइपमधनं वाळलेला गाळ भसाभसा पडला, कृष्णामाई आतपर्यंत गेली होती. आतनं बॉइल्ड अळशीचं तेल फिरवलं, ते वाळून आत पातळ थर धरतं. तेलाची चिंधी चोळामोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेते, मोकळी वाळत घाला.

क्रोम परत करायचं नाही असं ठरवलं. प्लेटिंगवाला आधी बफ मारतो आणि बफाखाली पहिलं काय जातं तर ठोकलेली अक्षरं, आणि त्या पाच माणसांच्या कडा. म्हणून ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासलं, जे आलं ते आलं, खड्डे आहेत तिथं आहेत. काळा रंग मला पाऊण भागाच्या वर मिळाला. जिथं पत्रा उघडा पडलाय तिथं फक्त वॅक्स. मडगार्डवरची सोनेरी रेघ अर्धी गेलीय, गाड्यांवर नावं काढणारे एक पेंटरकाका आहेत, खारीच्या केसांच्या लांब ब्रशनं एका दमात रेघ ओढतात, त्यांनी ती पुरी करून देतो म्हणून किती आग्रह केला. त्यांचा हात मी बघितलाय, जुनी कुठली नवी कुठली ओळखू येणार नाही, आणि म्हणूनच मी नको म्हणलं. हेड बॅजमधलं कुंकू पण तसंच ठेवलंय.

सध्या हबची वायर ताणून मधल्या गिअरला बांधून ठेवलीय, मामांची नात त्यावर विश्रामबागला क्लासला जाऊन आली आणि जड लागत नाही म्हणाली. आता उरलाय तो ट्रिगर, हँडलला उजव्या हाताशी बसणारा बोटभर खटका, वर स्टर्मी-आर्चरचं नाव असतं. नवीन लावायचा नाहीये, पन्नाशीतलाच पाहिजे. सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड कुठंही कुणाच्या माळ्यावर जुन्या सायकलीला तसला दिसला तर खाली लिहा, आणि कृपा करून तोवर त्या सायकलीला रंग मारू नका.